मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही

पिस्तूल चालवायला शिकण्यापेक्षा ते रिकामं करायला शिकण्यात माझा जास्त वेळ गेला. नेमबाजीच्या वर्गात नाव घातलं तेव्हा डोक्यात टार्गेट होतं, काळा गोल होता, श्वास रोखून चाप ओढणं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीची सगळी सत्रं खोलीतच घेतली, आणि त्या खोलीत खरं काडतूस आणायला सक्त मनाई होती. खिसे, पर्स, बॅगा सगळं तपासूनच आत सोडायचे. टेबलावर एक पिस्तूल आणि एक रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे अडकवलेली, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे कप्पे असलेला गोल भाग, बाहेर काढलेलं. पिस्तुलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं तिथे, भडक केशरी रंगाची प्लास्टिकची पट्टी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांमध्येही नेम धरायची वेळ नसेल तेव्हा ही पट्टी चेंबरमध्ये असावीच लागते. ती दिसली की चेंबरमध्ये काडतूस नाही हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही कळतं.

पहिल्या दिवशी चार नियम आले. जेफ कूपर या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने मांडलेले हे नियम आज जगभरच्या रेंजवर शिकवले जातात. एक, प्रत्येक शस्त्र भरलेलंच असतं. दोन, जे उद्ध्वस्त झालेलं तुम्हाला चालणार नाही त्याच्यावरून नळीचं तोंड कधीही जाऊ द्यायचं नाही. तीन, नेम टार्गेटवर लागेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. चार, आपलं टार्गेट कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं माहीत असायला हवं.

ऐकताना हे सरळ वाटतं. मला त्यातली खरी मेख नंतर उमगली. हे नियम एकमेकांच्या पाठीशी उभे असतात. समजा, रिकामं आहे म्हणून कुणी चाप ओढला आणि आत काडतूस निघालं. नळी सुरक्षित दिशेला असेल तर गोळी मातीत जाते आणि सगळे थरथरत का होईना, पण घरी जातात. जखम व्हायची तर एकाच वेळी किमान दोन नियम मोडावे लागतात. म्हणून मॅडम नळीच्या दिशेबाबत जितक्या कठोर होत्या तितक्या कशाबाबतच नव्हत्या. ‘तोंड कुठंय?’ हा प्रश्न त्या बोलता बोलता मधेच विचारायच्या, आणि उत्तर द्यायला खाली बघावं लागलं तर ते उत्तर त्यांना चालायचं नाही.

सुरक्षित दिशा म्हणजे तरी काय? रेंजवर ती मातीच्या बांधाकडे असते, हे सोपं. खोलीत ती ठरवावी लागते. भिंत म्हणजे सुरक्षित दिशा नव्हे, कारण घरातल्या साध्या भिंती आणि दारं गोळी अडवतीलच याची खात्री नसते आणि पलीकडे माणसं असतात. .22 लाँग रायफल हे अगदी लहान आणि सौम्य समजलं जाणारं काडतूस, पण त्याची गोळीसुद्धा मोकळ्या मैदानात दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. काडतुसांच्या खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. तो मी तिथे पहिल्यांदा वाचला आणि पुन्हा वाचला.

बोटाचं शिक्षण त्याहून चिवट होतं. पिस्तूल हातात घेतलं की तर्जनी आपोआप चापाकडे जाते, कारण त्या वस्तूचा आकारच तसा आहे. बोट चापाच्या कडीवर टेकवलेलं चालत नाही, ते वर, फ्रेमच्या बाजूवर सरळ ताणलेलं असावं लागतं. याचं कारण मॅडमनी नीट समजावलं. माणूस दचकला, तोल जाऊन अडखळला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट आवळलं, तर पिस्तुलाचा हातही नकळत आवळला जातो. त्यावर इच्छाशक्तीचा ताबा नसतो. कडीवर टेकलेलं बोट अशा वेळी घसरून थेट चापावर येतं. स्पर्धेच्या 25 मीटर पिस्तुलाच्या चापाला नियमानुसार किमान 1000 ग्रॅम भार लागतो, दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला तर 500 ग्रॅमच. दचकलेल्या हाताच्या ताकदीपुढे हे काहीच नाही. आणि रिकामं करण्याच्या कामात दुसरा हात सतत काहीतरी आवळत, ओढत, ढकलत असतो, म्हणून बोटाची ही जागा तिथे सगळ्यांत जास्त महत्त्वाची.

मग आला तो प्रयोग, ज्याने माझी समजूत मुळापासून बदलली.

मॅडमनी मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, नकली काडतुसं भरली. ही दिसायला खऱ्यासारखी, पण आत दारू नाही, ती पेटवणारा प्रायमर नाही. मॅगझिन घातलं, स्लाइड ओढून सोडली, एक काडतूस चेंबरमध्ये गेलं. मग त्यांनी मुद्दाम उलट्या क्रमाने रिकामं करून दाखवलं: आधी स्लाइड ओढली, काडतूस टुणकन बाहेर पडलं, मग बटण दाबून मॅगझिन काढलं. टेबलावर काडतूस, शेजारी मॅगझिन, हातात पिस्तूल. आमच्यातल्या प्रत्येकाला ते रिकामं दिसत होतं. मॅडमनी पुन्हा स्लाइड ओढली. आणखी एक काडतूस टेबलावर पडलं.

कारण उघड आहे, एकदा यंत्र समजलं की. स्लाइड मागे जाते तेव्हा चेंबरमधलं काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. तिचं कामच ते आहे. मॅगझिन जागेवर असताना स्लाइड ओढली तर एक काडतूस जातं आणि दुसरं त्याची जागा घेतं. क्रम एकच: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड. दोन्ही कृती केल्या, पण क्रम उलटा झाला, तर हातात भरलेलं पिस्तूल आणि मनात ते रिकामं असल्याची खात्री, अशी सगळ्यांत घातक जोडी तयार होते.

याच्याच जोडीला दुसरा गैरसमज: मॅगझिन काढलं की काम झालं. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधलं एक काडतूस तसंच असतं, आणि बहुतेक पिस्तुलांत ते उडतं. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप काम करू नये अशी रचना असते, उदाहरणार्थ 1935 सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये. पण त्याच ब्राउनिंगच्या आधीच्या 1911 पिस्तुलात ती नाही आणि ग्लॉकमध्येही नाही. बाहेरून बघून हे कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशी रचना आहे की नाही हे शिकणाऱ्याने लक्षातच ठेवू नये. एका पिस्तुलावर अंगवळणी पडलेला भरवसा दुसऱ्यावर जीव घेऊ शकतो.

स्लाइड ओढणं मला सुरुवातीला जमेना. आत दणकट स्प्रिंग असते, बोटांच्या चिमटीत धरून ती ओढायला गेले तर हात थरथरायचा. मला वाटलं ताकद कमी पडते आहे. मॅडमचं लक्ष भलतीकडेच होतं. स्लाइड ओढताना धडपडणारा माणूस नकळत पिस्तूल पोटाजवळ आणतो आणि आडवं करतो, कारण तसं जोर लावायला सोयीचं असतं. नळी मग शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाकडे वळते. रेंजवर शेजाऱ्याला सगळ्यांत जास्त धोका असतो तो याच क्षणी. त्यांनी पायांची जागा बदलायला सांगितलं. नळी बांधाकडेच राहील आणि आपलं अंग तिरकं होईल. डावा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून पूर्ण पकडीत, काडतूस बाहेर पडायची खिडकी मोकळी, आणि मग डाव्या हाताने ओढायचं तेवढंच उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. पहिल्याच खेपेला स्लाइड सहज मागे आली. त्या दिवसापासून मी नव्या मुलींना आधी पाय कुठे ठेवायचे ते सांगते, हात नंतर.

ती खिडकी मोकळी ठेवण्यामागेही कारण आहे. अनेकांना काडतूस जमिनीवर पडलेलं आवडत नाही, म्हणून ते खिडकीवर तळवा धरतात आणि बाहेर येणारं काडतूस झेलतात. हातामुळे काडतूस अडलं, तिरकं झालं, आणि त्याचा प्रायमर आतल्या इजेक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या, टोकावर आपटला तर ते तिथेच, नळीच्या आधाराशिवाय फुटू शकतं. पितळेचे तुकडे मग तळहातात जातात. काडतूस पडू द्यावं. जमिनीवर पडल्याने ते सहसा उडत नाही. सगळं पिस्तूल रिकामं झाल्यावर शांतपणे उचलावं.

स्लाइड मागे अडकवली की पाहणं. हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि सगळ्यांत जास्त घाई इथेच होते. आधी चेंबर, म्हणजे नळीचा मागचा भाग. मग मॅगझिनची रिकामी जागा, आरपार. मग स्लाइडचा पुढचा चेहरा, जिथे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, अडकून राहू शकते. एकदा बघायचं, नजर दुसरीकडे न्यायची, पुन्हा बघायचं, कारण पहिल्या वेळी डोळा जे अपेक्षित असतं तेच बघतो. आणि मग करंगळीचं टोक चेंबरमध्ये घालून चाचपायचं. अंधारात किंवा उन्हाच्या तिरिपीत डोळा फसतो, बोट फसत नाही. स्लाइड ओढली म्हणजे काडतूस बाहेर आलंच असं का धरायचं नाही, तेही इथेच कळतं. काडतुसाला कडेने पकडून ओढणारा एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा झिजला किंवा तुटला, तर स्लाइड मागे येते आणि काडतूस आतच राहतं. बाहेर काहीच पडलं नाही, म्हणून ‘आत काही नव्हतंच’ असं मन सांगतं. काही पिस्तुलांवर चेंबर भरलेलं असल्याची खूण दाखवणारा छोटा भाग असतो. ती खूण भरलेलं आहे म्हणाली तर जरूर ऐकावं. रिकामं आहे म्हणाली तर स्वतः बघावं.

सेफ्टी कॅचविषयी एवढंच सांगते की ती यंत्राचा भाग आहे, आणि यंत्र बिघडतं. 1911 पद्धतीच्या पिस्तुलात सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलतच नाही. म्हणजे रिकामं करायचं तर ती आधी काढावी लागते, आणि नेमक्या त्या वेळी आपल्याकडे नळीची दिशा आणि सरळ ताणलेलं बोट एवढंच उरतं.

रिव्हॉल्व्हर त्या मानाने प्रामाणिक शस्त्र आहे. सिलिंडर बाहेर आलं की सगळे कप्पे एका नजरेत दिसतात. पण ते बाहेर काढायची कळ प्रत्येकाची निराळी. स्मिथ अँड वेसनची पुढे ढकलायची, कोल्टची मागे ओढायची, रूगरची आत दाबायची. अनोळखी रिव्हॉल्व्हर हातात आलं तर खटपट करत बसण्याऐवजी मी ते खाली ठेवून विचारते. सिलिंडर उघडल्यावर नळी वर करून इजेक्टरची दांडी तळव्याने एकदाच पूर्ण, जोरात दाबायची. नळी वर का? पुंगळ्या स्वतःच्या वजनानेही खाली पडाव्यात आणि एखादी इजेक्टरच्या चांदणीखाली अडकू नये म्हणून. नंतर कप्पे मोजायचे. पाच, सहा, सात, जितके असतील तितके बोटाने चाचपून. सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करायची सवय अनेकांना असते. त्याने सिलिंडर धरणारा सांधा वाकतो आणि पुढे कप्पा नळीच्या रेषेत नीट येत नाही. हळू, हाताने बंद करायचं. जुन्या धाटणीच्या कोल्ट सिंगल ॲक्शनचं सिलिंडर बाहेर येतच नाही. बाजूची छोटी खिडकी उघडून एकेक कप्पा समोर आणावा लागतो आणि एकेक पुंगळी दांडीने ढकलावी लागते. तिथे मोजणं चुकलं तर चुकलंच, म्हणून पूर्ण फेरी झाल्यावर आणखी एक फेरी.

हॅमर, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा घोडा, मागे ओढलेला आहे आणि आता गोळी झाडायची नाही, हा प्रसंग मॅडमनी सगळ्यात शेवटी घेतला. अंगठ्याने हॅमर धरून, चाप ओढून तो अलगद खाली सोडणं हे रिकाम्या शस्त्रावर पुष्कळ दिवस करायचं काम आहे. अंगठा निसटला की गोळी सुटते. ज्या पिस्तुलांत हॅमर उतरवायची वेगळी कळ असते तिथे तीच वापरायची, आणि तरीही नळी बांधाकडेच.

रेंजवर पहिल्यांदा खरं काडतूस मिळालं ते एकच. मॅगझिनमध्ये एक, त्याहून जास्त नाही. नव्या माणसाला धक्का बसतो, आनंद होतो आणि तो हातातल्या पिस्तुलासकट मागे वळून हसतो. त्या वळण्यात पिस्तूल रिकामं असावं एवढाच त्या एका काडतुसाचा हेतू. मी वळले नाही, कारण इतक्या सत्रांनंतर मान वळली तरी खांदे वळत नव्हते. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड आपोआप मागे अडकते, हे शिकवलं होतं, पण ते मॅगझिनवर अवलंबून असतं. ते मळलेलं किंवा त्याची स्प्रिंग थकलेली असेल तर स्लाइड बंद होते. म्हणून बंद स्लाइडवरून काही ठरवायचं नाही, आणि उघडी असली तरी आत बघायचं.

सरावात एकदा चाप ओढला आणि नुसता ‘टक’ झाला. काडतूस फुटलं नव्हतं. अशा वेळी पिस्तूल वळवून आत डोकावावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. क्वचित दारू उशिरा पेटते. नळी टार्गेटकडे ठेवून 30 सेकंद थांबायचं, मोजत. मग मॅगझिन, मग स्लाइड, आणि ते काडतूस वेगळ्या डब्यात. याहून वाईट प्रकार म्हणजे आवाज नेहमीसारखा न येता दबका, फुसका येणं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी तिच्यामागे गेली तर नळी फुटते. तिथे लगेच थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे का हे जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये शेवटी जे आदेश दिले जातात, त्यांत हा सगळा क्रम उतरलेला दिसतो. संपलं असेल तर रिकामं करून दाखवा. अधिकारी स्वतः चेंबर बघतो. रिकामं असेल तर स्लाइड सोडून बांधाकडे नेम धरून चाप ओढा. मग पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात. तो शेवटचा चाप ओढणं म्हणजे आणखी एक तपासणी आहे. दोघांचेही डोळे चुकले असतील तर गोळी बांधात जाते आणि खेळाडू बाद होतो, एवढंच. पण .22च्या पिस्तुलांत असा रिकामा चाप सहसा ओढत नाहीत. तिथे काडतुसाच्या कडेवर आपटणारी पिन चेंबरच्या काठावर बसू शकते, म्हणून ती केशरी पट्टी. रेंज बंद झाली की, म्हणजे कुणी टार्गेटकडे चालत गेलं की, टेबलावरच्या शस्त्राला कुणीच हात लावत नाही. रिकामं असलं तरी नाही, पुसायला नाही, दाखवायला नाही.

साफसफाईची गोष्ट निराळी काढून सांगायला हवी. ग्लॉकसारखी पिस्तुलं उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो. रचना तशीच आहे. दिवसभराची गडबड, थकवा, आणि ‘मघाशीच रिकामं केलं’ ही आठवण, या सगळ्यांसह माणूस टेबलापाशी बसतो आणि चाप ओढतो. साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हा क्षण असतो. मी साफसफाईच्या टेबलावर काडतूस येऊच देत नाही, आणि तरीही क्रम पहिल्यापासून करते: दिशा, बोट, मॅगझिन, स्लाइड, डोळे, करंगळी. बाहेर काढलेलं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालायचंही मी बंद केलं. स्लाइडच्या प्रत्येक दणक्याने गोळी पुंगळीत थोडी आत दबली जाऊ शकते, आतली जागा कमी होते आणि उडताना दाब धोकादायक वाढतो. शेजारी नवं काडतूस ठेवून उंची ताडून बघायची. आखूड दिसलं तर ते वापरायचं नाही.

दुसऱ्याच्या हातात पिस्तूल देताना स्लाइड उघडी ठेवून, आत दाखवूनच द्यायचं. घेणाऱ्याने माझ्यासमोर पुन्हा तपासलं पाहिजे. सुरुवातीला मला हे अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं. आता समोरच्याने न बघता घेतलं तर मी हात मागे घेते.

घरच्या कोऱ्या सरावासाठी, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढण्याच्या सरावासाठी, मॅडमचा नियम असा की काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सरावाची सुरुवात पूर्ण तपासणीने. सराव संपला की तसं मोठ्याने म्हणायचं, पिस्तूल कपाटात, आणि त्या दिवशी पुन्हा काढायचं नाही. दुर्घटना सरावात कमी आणि तो संपल्यावर जास्त होतात. पिस्तूल पुन्हा भरून ठेवलेलं असतं आणि ‘फक्त एकदा शेवटचा’ म्हणून माणूस नेम धरतो. मी सरावाच्या जागेवरून उठले की दिवा घालवते, म्हणजे परत बसायला निमित्त राहत नाही. हात आणि तोंड थंड पाण्याने आणि साबणाने धुते, कारण बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्ये आणि गोळीत शिसं असतं आणि रेंजवरून आलेल्या कातड्यावर, कपड्यांवर, पिस्तुलावर ते बसलेलं असतं. रेंजवरचे कपडे वेगळे धुते, आणि हे सगळं झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही.